दुसऱ्या अल्बममध्ये कूलर नाही

पहिला अल्बम आम्ही मस्कासाथला रेकॉर्ड केला,
हेडाऊकाकांच्या कूलरच्या गोडाउनात,
पत्र्याखाली, मे महिन्यात.
सत्तेचाळीस अंशांना गिटार दर गाण्यात उतरायची
आणि एल्विन ती दर गाण्यात चढवायचा.
कूलर बंद केला तर आपण मरतो,
चालू ठेवला तर तो माईकमध्ये येतो.
चालू ठेवला.
नऊ गाण्यांच्या मागे घरघरत राहिला,
ओल्या वाळ्याचा वास तेवढा रेकॉर्ड झाला नाही.

लोक म्हणाले, काय साउंड आहे बे!
पुण्याच्या कुणीतरी लिहिलं,
मागची ती अखंड घरघर म्हणजे शहराचं एकटेपण.
हेडाऊकाका म्हणाले,
अठरा इंची पंखा हाये, बेअरिंग गेलं त्याचं.

दुसऱ्यासाठी पैसे भरले.
त्रिमूर्तीनगरात एसी स्टुडिओ,
भिंतींवर खपली धरल्यासारखा काळा फोम,
आणि अशी शांतता
की मला माझा गुडघा वाजलेला ऐकू आला.

गाणी प्रणोतीने आणली होती,
मेडिकलच्या व्हरांड्यात लिहिलेली,
औषधांच्या बिलांच्या पाठीवर.
तिचे बाबा कोराडीला प्लांटमध्ये होते.
होते, एवढंच ती म्हणाली.
मग म्हणाली, यात ड्रम नकोत, चालेल ना तुला?
मी म्हणालो, चालेल.
चार गाण्यांत मी नाही.
चार गाण्यांत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर,
काड्या मांडीवर आडव्या,
शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.
एकदा नुसता श्वास घेतला
तर काचेपलीकडून हात वर झाला : परत घेऊ.

अल्बमचं नाव 'उतारा'.
पहिल्या रात्री दोनशे अकरा लोकांनी ऐकला,
त्यात चाळीस नुसते एल्विनच्या चर्चचे.
सकाळी आम्ही तर्री-पोहे खात फोन बघत होतो.
'गाणं आता सुरू होईल, मग सुरू होईल, वाट पाहून राहिलो दादा.'
'आवाज साफ आहे. जरा जास्तच साफ आहे.'
'सुंदर.' (माझी मावशी.)
'कूलर काहून काढला बे?'
जरीपटक्याचा निर्मल,
ज्याने आमचं नाव दंडावर गोंदवून घेतलंय,
त्याने नुसता अंगठा पाठवला.
त्या अंगठ्याकडे मी बराच वेळ पाहत होतो.
तर्री गार झाली, वर तेलाची साय.

एल्विन म्हणाला, कूलर मागून टाकता येईल, कॉम्प्युटरवर.
कुणीच हसलं नाही.
तरी मी गोडाउनात जाऊन आलो.
काकांनी बेअरिंग बदललं होतं,
पंखा आता बिनआवाजाचा,
आणि ते त्यांना किती दाखवू नि किती नको असं झालेलं.

डिसेंबरात धरमपेठेतल्या एका गच्चीवर वाजवलं.
'बर्डी जाम'! 'बर्डी जाम'! जुनंच मागत होते.
वाजवलं. सगळे ओरडून गायले,
निर्मल खुर्चीवर चढला.
मग प्रणोतीने 'वॉर्ड तेवीस' सुरू केलं
आणि लोक पनीर मागवायला गेले.
मी किटमागे रिकामा.
समोर एक बाई उभी, हातात हेल्मेट,
गाणं संपेपर्यंत तिने ते दुसऱ्या हातात घेतलं नाही.
टाळी नाही वाजवली.

सामान आवरताना माझ्याचकडे आली.
म्हणाली, घरी मी हे हेडफोन लावून ऐकते, नाइटला जायच्या आधी.
तिसऱ्या कडव्याच्या अगोदर कुणीतरी श्वास घेतं.
गाणारी नाही ती, बाजूचं कुणीतरी.
कोण आहे?

म्हणजे त्यांनी तोच टेक ठेवला होता.
मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, एसी असेल.
ती म्हणाली, नाही. एसी नाहीये तो.
मी झांजेचा स्क्रू सोडवत राहिलो,
तो केव्हाच सुटला होता.